परदेशातून नेमबाजीचं सामान मागवणं, पाठवणं, सोबत नेणं: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, भोपाळला राज्याची शूटिंग अकादमी आहे, खरगोनकडचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ऑलिंपिकला जाऊन आलाय, त्यामुळे सुदामा नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत प्रत्येक गल्लीत एखादं पोरगं एअर रायफल नाहीतर पिस्तूल चालवतंच. आणि ते जरा बरं खेळायला लागलं की घरात वेबसाइट बघणं सुरू होतं, जर्मनीचं हे, इटलीचं ते, अमेरिकेत स्वस्त मिळतंय, काका तिकडेच असतात ते घेऊन येतील. मग पार्सल अडकतं आणि रात्री अकराला फोन येतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी वकील नाही, रेंजवर कागदपत्रांची कामं करून करून जे कळलं ते सांगतोय.

जर्मनीच्या दुकानातून सगळं कार्टमध्ये टाकलं, शेवटी "भारतात पाठवत नाही" आलं. आपल्याशीच असं का?

आपल्याशीच नाही हो. युरोपियन युनियनचा २५८/२०१२ नावाचा नियम आहे, २०१३ च्या सप्टेंबरअखेरपासून लागू. त्याच्या मते बंदूक, तिचे मुख्य भाग आणि काडतुसं युनियनच्या बाहेर जाणार असतील तर विक्रेत्याने आधी आपल्या सरकारकडून निर्यात परवाना घ्यायचा. जर्मनीत हे काम बाफा नावाचं ऑफिस बघतं. आणि ते ऑफिस परवाना देण्याआधी पहिला प्रश्न काय विचारतं, तर "ज्या देशात माल चाललाय त्या देशाने आयातीला परवानगी दिलीय का, कागद दाखवा". म्हणजे इंदुरात बसून आपण आधी आपल्या सरकारचा कागद काढायचा, तो तिकडे पाठवायचा, मग तिकडचं सरकार त्यांच्या दुकानदाराला परवानगी देणार, मग माल निघणार. वाटेत तिसरा देश लागत असेल तर त्यालाही विचारतात, लेखी विचारल्यापासून कामाच्या २० दिवसांत त्याने काही आक्षेप घेतला नाही तर हरकत नाही असं धरतात. अर्जाचा निकाल लावायला ६० कामाचे दिवस, अगदीच काही खास कारण असेल तर ९०. कॅलेंडरचे दिवस नाहीत, कामाचे, त्यात त्यांची ख्रिसमसची सुट्टी वेगळी.

आता विचार करा, एका गिऱ्हाइकाच्या एका बोल्टसाठी (काडतुसाच्या मागून बॅरल बंद करणारा रायफलचा भाग) कुठला दुकानदार एवढं करेल? म्हणून तो सरळ लिहून टाकतो की भारतात नाही. उद्धटपणा नाही, हिशोब आहे. त्याला चार ईमेल टाकून भांडण्यापेक्षा त्याच कंपनीचा भारतातला डीलर शोधा, तो एकदम बरंच सामान मागवतो त्यामुळे त्याला हे कागद परवडतात.

याच विषयावर युरोपने नवा नियमही केलाय, २०२५/४१ नंबरचा, पण तो लागू व्हायला अजून वेळ आहे, तोवर जुनाच चालतो.

मग रायफलचे कुठले पार्ट अडतात आणि कुठले सुटतात?

इथेच सगळे फसतात, कारण आपल्याला वाटतं छोटा पार्ट म्हणजे छोटी भानगड. नाही. पार्ट काय काम करतो ते बघतात, किती मोठा आहे किंवा किती रुपयांचा आहे ते नाही.

युरोपच्या व्याख्येत बॅरल, फ्रेम किंवा रिसीव्हर (ज्यात बाकीचे भाग बसतात तो सांगाडा), स्लाइड, सिलिंडर (रिव्हॉल्व्हरचं, हवेचं नाही), बोल्ट किंवा ब्रीच ब्लॉक आणि आवाज कमी करणारा सायलेन्सर हे "पार्ट" आहेत. म्हणजे सायलेन्सर सोडला तर ज्याच्याशिवाय गोळी सुटणार नाही ते. डिओप्टर (डोळ्याजवळची मागची साइट), फोरसाइटची म्हणजे पुढच्या साइटची रिंग, बट प्लेट, चीक पीस, स्लिंग, हँडस्टॉप हे त्यात बसत नाहीत.

अमेरिकेची यादी जास्त बारीक आहे. तिथे २०२० च्या ९ मार्चपर्यंत सगळ्या बंदुका परराष्ट्र खात्याच्या ताब्यात होत्या, आयटार नावाच्या नियमाखाली, म्हणजे रणगाडा आणि पॉइंट टू-टू बोअरच्या छोट्या रायफलचा बोल्ट एकाच कपाटात. त्या तारखेपासून साध्या आणि सेमी-ऑटोमॅटिक बंदुका, पॉइंट फिफ्टी कॅलिबरपर्यंतच्या, वाणिज्य खात्याकडे गेल्या, ०ए५०१ असा नंबर पडला. शॉटगन ०ए५०२, दुर्बिणी ०ए५०४, काडतुसं ०ए५०५. सायलेन्सर मात्र अजूनही जुन्याच कपाटात आहे. या ०ए५०१ च्या आत परत पोटभाग: बॅरल, बोल्ट, ट्रिगर, हॅमर, सीअर, ट्रिगर हाउसिंग हे एका खान्यात, रिसीव्हर वेगळ्या आणि जास्त कडक खान्यात. आणि ज्यात ट्रिगरचा कुठलाच भाग नाही असा साधा स्टॉक (दस्ता) किंवा ग्रिप, आयर्न साइट, स्कोप माउंट, स्लिंगची कडी, रिकॉइल पॅड हे शेवटच्या, सगळ्यात सैल खान्यात.

हे वाचून तुमच्या लक्षात येईल की ट्रिगर एवढासा, तळहातावर मावतो, पण तो बॅरलच्या रांगेत बसलाय, आणि दोन फुटांचा लाकडी स्टॉक बट प्लेटच्या रांगेत. पण तोच स्टॉक ट्रिगर बसवलेला असेल तर त्याचा खाना बदलला. म्हणून विक्रेत्याला विचारताना "स्टॉक पाठवता का" एवढं विचारून उपयोग नाही, "ट्रिगर असेंब्ली शिवाय, नुसता स्टॉक" असं स्पष्ट लिहा.

मी वाचलं की १०० डॉलरच्या खालचं काहीही बिनापरवाना येतं?

जुनी गोष्ट आहे, अर्धवट ऐकलेली. आयटारच्या काळात १०० डॉलरपर्यंतच्या सुट्या भागांना सूट होती पण त्यातही बॅरल, सिलिंडर, रिसीव्हर आणि पूर्ण ब्रीच मेकॅनिझम नव्हतं. आता वाणिज्य खात्याच्या नियमात ५०० डॉलरपर्यंतच्या काही पार्टसाठी अशी सोय आहे, रिसीव्हरला सोडून. पण लक्षात घ्या ही सूट तिकडच्या विक्रेत्याला आहे, त्याने वापरायची, चुकलं तर दंड त्याला, म्हणून तो बऱ्याचदा सूट असूनही नाही म्हणतो. आणि मुख्य म्हणजे अमेरिकेची सूट अमेरिकेच्या दारापुरती. मुंबईच्या कस्टमला त्या ५०० डॉलरचं काही घेणंदेणं नाही.

मधल्या काळात तिकडे धरसोडही झाली, २०२३ च्या ऑक्टोबरात बऱ्याच देशांसाठी नवे परवाने थांबवले, २०२४ मध्ये कडक नियम आणला, २०२५ च्या सप्टेंबरअखेर तो मागे घेतला. त्यामुळे कोणी जुना व्हिडिओ पाठवला तर आधी त्याची तारीख बघा.

एअर रायफलला पण हे सगळं लागू आहे का? ती तर बंदूकच नाही.

कोण विचारतंय त्यावर आहे.

युरोपचा २५८/२०१२ नियम बंदूक म्हणजे जळणाऱ्या दारूच्या जोरावर गोळी फेकणारी वस्तू असं म्हणतो, हवेवर चालणारी त्यात येत नाही. अमेरिकेच्या नियमातही पॅलेट रायफल आणि सगळ्या एअर रायफली ०ए५०१ मधून स्पष्ट बाहेर काढल्यात, त्यांना ईएआर ९९ म्हणतात, म्हणजे साधारण माल, बंदी असलेला देश किंवा माणूस नसेल तर पाठवा. म्हणजे तिकडची दारं एअर रायफलसाठी बऱ्यापैकी उघडी आहेत.

आपल्याकडे आर्म्स रूल्स २०१६ मध्ये ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठं बोअर किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकद असेल तर एअर गनलाही परवाना लागतो. दहा मीटरच्या मॅच रायफली साडेसात जूलच्या आसपास असतात त्यामुळे घरात ठेवायला परवाना लागत नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं आणि इथेच सगळे थांबतात. पण घरात ठेवणं वेगळं आणि परदेशातून आणणं वेगळं! एअर गन कस्टमच्या पुस्तकात ९३ व्या प्रकरणातच आहे, ९३०४ खाली, पार्ट ९३०५ खाली, आणि हो, पॅलेट पण तिथेच, ९३०६ खाली, शॉटगनच्या काडतुसांच्या शेजारी. हे ९३ वं प्रकरण डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापाराचं महासंचालनालय) आयात धोरणात साध्या मालासारखं नाही, त्यातली नोंद वाचल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

मग आपल्या बाजूचा कागद मिळतो कोणाला?

शस्त्रांच्या आयातीसाठी आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम १० आहे, परवान्याशिवाय देशात शस्त्र किंवा दारूगोळा आणता येत नाही आणि देशाबाहेर नेताही येत नाही. दोन्ही दिशा एकाच कलमात. त्याच कायद्यात "शस्त्र" या शब्दात त्याचे भागही धरलेत, म्हणजे नुसती बॅरल आणली तरी शस्त्रच आणलं.

नेमबाजांसाठी वाट आहे ती एनआरएआयच्या (नेमबाजीची राष्ट्रीय संघटना) शिफारशीतून, क्रीडा मंत्रालय आणि डीजीएफटी मार्गे. नॅशनलला ठरावीक स्कोअर मारून "रिनाउन्ड शॉट" झालेले, मान्यताप्राप्त रायफल क्लब, यांना स्वतःच्या वापरासाठी आयात करता येते, अटींवर कस्टम ड्युटीतही सवलत असते. नव्याने शिकणाऱ्याला ही वाट उघडी नाही, त्याने डीलरकडून नाहीतर क्लबच्या रायफलवर खेळायचं, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं तेच बरं असतं. पोराचा स्कोअर अजून धड बसलेला नाही आणि बाबा ट्रिगरच्या आयातीची चौकशी करतायत, असं फार बघतो मी.

एक जाता जाता, एनआरएआय १९५१ ला सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते, लोकसभेचे पहिले सभापती, जन्म बडोद्याचा. ज्या मावळंकर स्पर्धेचं नाव पोरं "माव्लंकर, माव्लंकर" करत घेतात ती त्यांच्याच नावाची, इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळींनी निदान उच्चार तरी नीट करा.

काका न्यूजर्सीला आहेत, दिवाळीत येताना बॅगेत ट्रिगर किंवा बोल्ट घेऊन आले तर?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात लहान आहे.

तरी कारण सांगतो, कारण "काय होतंय एवढ्याशाने" असं म्हणणारे भिया लोक आपल्याकडे भरपूर. काकांनी बॅगेत टाकलेला पार्ट ही अमेरिकेच्या नजरेत निर्यातच आहे, पोस्टाने पाठवा नाहीतर मोज्यात गुंडाळून आणा. तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले आपल्या स्वतःच्या वापरासाठी तीन बंदुका आणि १,००० काडतुसांपर्यंत सोबत नेऊ शकतात अशी सूट आहे, पण ती स्वतःच्या वापराची आणि परत घेऊन जायची, पुतण्याला द्यायची नाही. आणि इकडे उतरल्यावर कलम १० आहेच. पकडलं तर माल तर जातोच, काकांचं नाव दोन देशांच्या यादीत लागतं. त्यांचं ग्रीन कार्ड, तुमचा ट्रिगर, तुम्हीच तोलून बघा.

जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, ब्लाइंडर, कानाचे मफ, टार्गेट चष्म्याची फ्रेम हे सगळं खुशाल आणा. ते कपडे आणि खेळाचं सामान आहे, फक्त ड्युटी फ्री मर्यादेच्या वर गेलं तर ड्युटी भरा. जॅकेट घेताना मात्र जाडीचा नियम २.५ मिलिमीटरचा आहे, शिवून आलेलं जॅकेट इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचच्या वेळची सामानाची तपासणी) नापास झालं तर परत पाठवायचा खर्च जॅकेटच्या अर्ध्यावर जातो.

स्कोपचं काय? तो तर नुसती दुर्बीण आहे.

कस्टमच्या पुस्तकात नुसती दुर्बीण ९००५ मध्ये जाते. बंदुकीवर बसवायचा स्कोप ९०१३ मध्ये. स्पॉटिंग स्कोप, जो स्टँडवर ठेवून टार्गेट बघतो, तो पहिल्या जातीचा, त्याला कोणी विचारत नाही. रायफल स्कोपला विचारतात.

आंतरराष्ट्रीय यादी म्हणजे वासेनार करार (शस्त्रांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा), ज्यात भारत २०१७ च्या ८ डिसेंबरला ४२ वा सदस्य म्हणून गेला. त्या यादीत ९ पटीपर्यंतचे, इलेक्ट्रॉनिक इमेज प्रोसेसिंग नसलेले, लष्करी वापरासाठी खास न बनवलेले स्कोप सोडून दिलेत. त्याच्या वरचे, नाइट व्हिजन, थर्मल हे यादीत. थर्मलच्या वाटेला तर जाऊच नका, तिथे नेमबाजी वगैरे कोणी ऐकून घेत नाही. आणि ऑलिंपिकच्या रायफल-पिस्तूल इव्हेंटमध्ये स्कोप लागतच नाही, तेव्हा कशासाठी पाहिजे हे आधी स्वतःला विचारा.

पार्सलवर विक्रेत्याने "स्पोर्ट्स पार्ट" लिहिलं तर लवकर सुटेल ना?

उलट अडकेल. परदेशी पार्सलवर जो सीएन २२ किंवा सीएन २३ चा कागद चिकटवतात त्यात वस्तूचं वर्णन, किंमत, एचएस कोड (९३०५ सारखा कस्टमचा नंबर) हे असतं. "स्पोर्ट्स पार्ट, १० युरो" असं लिहून आत लोखंडाची नळीसारखी वस्तू दिसली एक्स-रेमध्ये की ऑफिसर उघडणारच, आणि उघडल्यावर आधी वर्णन खोटं ही तक्रार आणि मग वस्तू काय हा प्रश्न. त्यापेक्षा विक्रेत्याला सांगा, असं लिही: "आयरिस, डिओप्टर साइटसाठी, ४.५ मिमी एअर रायफल, वापर खेळासाठी", खरी किंमत, खरा कोड. सोबत इनव्हॉइस, प्रॉडक्टच्या पानाची प्रिंट, तुमचं एनआरएआयचं कार्ड, आणि क्लबचं पत्र स्कॅन करून तयार ठेवा. कस्टमकडून प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं पार्सल असंच अडलं होतं, आत साधी फोरसाइटची प्लास्टिकची रिंग होती, रंगीत, पण विक्रेत्याने वर्णनात लिहिलं होतं "गन अ‍ॅक्सेसरी" आणि बस. मुलगी रोज ट्रॅकिंग बघतेय, स्टेटस हलत नाही, शेवटी कुरिअरवाल्याला रिंगचा फोटो, पट्टी शेजारी ठेवून काढलेला, आणि रुलबुकचं पान पाठवलं तेव्हा सुटलं. स्टोरेज चार्ज रिंगच्या किमतीपेक्षा जास्त लागला.

रायफल रिपेअरला जर्मनीला पाठवायची आहे.

म्हणजे तुम्ही आता निर्यातदार झालात! कलम १० दुसऱ्या दिशेने लागू. शिवाय आपल्याकडे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची स्कोमेट नावाची यादी आहे, तिचा सहावा विभाग लष्करी मालाचा, लहान शस्त्रांची नोंद तिथेच, आणि त्या विभागाचे परवाने डीजीएफटी नाही तर संरक्षण मंत्रालयाचा डिफेन्स प्रॉडक्शन विभाग देतो. पॉइंट टू-टू असेल तर हे सगळं बघूनच पुढे. परत येताना तीच वस्तू आहे हे सिद्ध करायला जाण्याआधी कस्टमकडून सिरियल नंबरसकट कागद करून घ्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्याच रायफलवर पुन्हा ड्युटी.

व्यवहारात काय करतात लोक, तर भारतातल्या अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे देतात, नाहीतर मोठ्या मॅचला कंपन्यांचे मेकॅनिक टेबल लावून बसतात त्यांना गाठतात. सील किट बदलणं, रेग्युलेटर साफ करणं यासाठी जर्मनीत उल्मला पार्सल पाठवायची गरज नाही.

मॅचसाठी रायफल घेऊन परदेशी जायचंय, टीमसोबत नाही, स्वतःच्या खर्चाने. कुठून सुरुवात करू?

आयोजकांच्या पत्रापासून. तुमचं नाव, मॅचच्या तारखा, आणि हत्याराचा फॉर्म ज्यात कंपनी, कॅलिबर, सिरियल नंबर, काडतुसांची संख्या असते. हा फॉर्म भरताना सिरियल नंबर रायफल समोर ठेवून बघून लिहा, जुन्या फोटोतून नाही, कारण ८ आणि बी मध्ये गोंधळ झाला की विमानतळावर तासनतास उभं राहावं लागतं.

मग देशाप्रमाणे. ब्रिटनला व्हिजिटर परमिट लागतं आणि ते तिकडच्या यजमानाने अर्ज करून काढायचं असतं, तुम्ही नाही. अमेरिकेत बंदूक नेताना एटीएफचा (तिथलं बंदुकांचं केंद्रीय खातं) ६ एनआयए फॉर्म आधी मंजूर करून घ्यायचा. एअर रायफलला तो लागत नाही, तिथल्या केंद्रीय कायद्यात एअर गन ही बंदूक नाही, पण न्यूजर्सीसारख्या राज्यात ती बंदूकच धरतात. म्हणजे न्यूयॉर्कची मॅच म्हणून नेवार्कला उतरलात तर उतरता उतरता कायदा बदलला.

युरोपचे लोक बाहेर जाताना त्यांना सोपी पद्धत आहे, खेळाडूंना १,२०० आणि शिकाऱ्यांना ८०० काडतुसांपर्यंत वेगळ्या परवान्याशिवाय. आपली पोरं तो आकडा वाचून येतात आणि म्हणतात सर बाराशे चालतात. त्यांना चालतात. शिवाय विमानाचा नियम वेगळा आहे, एका माणसाला ५ किलो, स्वतःच्या वापरापुरतं, चेक-इन बॅगेत, एअरलाइनची आधी परवानगी घेऊन. बरेच जण काडतुसं तिकडेच विकत घेतात आणि तिकडेच संपवतात, ते सगळ्यात शहाणपणाचं, लॉट टेस्टिंगची (कुठल्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलला जमतात ते तपासायची) हौस असेल तर गोष्ट वेगळी.

इंदूरहून परदेशी जायचं तर बहुतेक वेळा कुठेतरी विमान बदलावं लागतं. दुबई नाहीतर आणखी कुठे. रायफल विमानातून उतरून दुसऱ्या विमानात चढते, म्हणजे त्या देशातून जाते, आणि काही देश याचीही आधी परवानगी मागतात. तिकीट काढण्याआधी एअरलाइनला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. कॉल सेंटरवरच्या मुलीने "हो सर, चालेल" म्हटलं ते काउंटरवर चालत नाही.

एअर सिलिंडरला काय प्रॉब्लेम असतो?

तो कायद्याने कमी आणि एअरलाइनने जास्त अडतो. २०० किंवा ३०० बार भरलेला सिलिंडर म्हणजे विमानात दाबाखालची वस्तू. पूर्ण रिकामा करा, रायफलपासून काढून वेगळा ठेवा, झाल्यास प्रेशर गेजचा काटा शून्यावर दिसतोय असा फोटो काढून ठेवा. काही एअरलाइन उघडा व्हॉल्व्ह बघायला मागतात. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि त्याचं आयुष्य ठरलेलं असतं, जुना झालेला सिलिंडर घेऊन गेलात तर इक्विपमेंट कंट्रोलला पण अडवतील.

शूटिंगच्या बॅगेत चुकून एक गोळी राहिली आणि एअरपोर्टला सापडली तर?

होतं हे, आणि पॉइंट टू-टूचंच होतं. ती गोळी पेन्सिलच्या टोकाएवढी, बॅगेच्या अस्तरात शिवणीपाशी जाऊन बसते, बाहेरून हात फिरवला तर लागत नाही. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या स्क्रीनवर मात्र लख्ख दिसते. मग पोलीस, पंचनामा, विमान गेलं. आपल्याकडे कोर्टांनी बऱ्याच केसेसमध्ये म्हटलंय की जाणूनबुजून बाळगली नसेल तर गुन्हा धरता येत नाही, पण ते कोर्टात पोचल्यावर, आणि तोवर वकिलाची फी चालू. परदेशात ही सवलत धरून चालू नका.

उपाय एकच, रेंजची बॅग वेगळी आणि प्रवासाची बॅग वेगळी. रेंजची बॅग कधीही, मुलाच्या सहलीला सुद्धा, विमानात न्यायची नाही. काडतुसाची रिकामी पुंगळी पण आठवण म्हणून ठेवू नका.

आमच्या वाड्यात आजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक आणि दोन तलवारी आहेत, होळकरांच्या वेळच्या. मुलगी टोरांटोला असते, तिच्या दिवाणखान्यात लावायला पाठवता येतील का?

हा प्रश्न खास इंदूर-ग्वाल्हेरचा. उत्तर बहुतेक वेळा नाही, आणि कारण बंदुकीचा कायदा नाही.

आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीची किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेली आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशी शस्त्रं सोडलीत, त्यामुळे घरात ठेवण्याबाबत थोडी सूट मिळू शकते, तीही आधी शस्त्र शाखेत दाखवून, स्वतःच ठरवून नाही. पण बाहेर पाठवायचं म्हटलं की १९७२ चा पुराणवस्तू कायदा येतो. १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला भारताबाहेर नेताच येत नाही, केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच नेऊ शकते. मग बंदूक चालते की गंजलीय याला काही अर्थ नाही. तलवारीलाही हेच.

१०० वर्षांहून कमी वयाची असेल तर पुरातत्त्व खात्याकडून "ही पुराणवस्तू नाही" असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आणि मग परत शस्त्र कायदा, आणि मग कॅनडाचा आयातीचा नियम. मुलीला फोटो मोठा करून, चांगल्या फ्रेममध्ये पाठवा. एक गोष्ट मात्र नक्की करा, बंदुकीवरचे शिक्के, नंबर, कोरलेली अक्षरं यांचे फोटो काढून कोण्या जाणकाराला दाखवा, कारण बाजारात "होळकरकालीन" म्हणून विकलेला बराच माल तेवढा जुना नसतो.

पार्ट मिळत नाही तर थ्रीडी प्रिंटरवर छापला तर? फाइल तर नेटवर आहे.

ग्रिप, हँडस्टॉप, पाम शेल्फ छापा, आमच्याकडे पोरं छापतात, छान होतं, घामाने घसरत नाही असं टेक्स्चर पण देतात. पण रिसीव्हर, बोल्ट, ट्रिगर यंत्रणा, असल्या गोष्टींच्या फाइलला हात लावू नका. अमेरिकेने नेटवर टाकलेल्या अशा फाइलींनाही निर्यातीच्या नियमात घेतलंय, आणि आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आहे, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. "बंदूक नाही, भाग आहे" हे तिथे चालणार नाही, भागही शस्त्रातच मोडतो.

सगळे कागद कुठल्या क्रमाने जमवू?

आधी वस्तूचं नेमकं नाव आणि ती तुमच्या कुठल्या हत्याराला लागते ते. मग आपल्याकडची आयात नोंद, ९३ वं प्रकरण. लागत असेल तर शिफारस आणि परवाना. त्यानंतर विक्रेत्याला लिहायचं, त्यात परवान्याची प्रत जोडून, आणि त्याला विचारायचं की तुझ्या सरकारला एंड यूजर सर्टिफिकेट कुठल्या नमुन्यात लागतं. ते सर्टिफिकेट म्हणजे वस्तू मीच वापरणार, दुसऱ्याला विकणार नाही, तिसऱ्या देशात पाठवणार नाही असं लिहून देणं, आणि ते गांभीर्याने घ्या, पुढे रायफल विकायची झाली तरी त्यातलं वचन चालूच राहतं. पैसे सगळ्यात शेवटी. आधी पैसे भरून मग परवाना शोधणाऱ्यांचा पैसा महिनोन्महिने तिकडेच अडकतो, आणि रिफंड देताना दुकानदार रिस्टॉकिंगचे कापून घेतो ते वेगळंच.